बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बातमी पुण्याला पोहोचताच गदारोळ उडाला. कालपर्यंत ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच नावं ठेवायला सुरुवात केली. मिशनच्या वर्तुळात मात्र आनंदीआनंद झाला. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली विदुषी ख्रिस्ताच्या कळपात आली होती. विरोधक असोत की स्नेही, दोघांच्याही लेखी विषय तिथेच मिटला.

रमाबाईंच्या लेखी तो मिटला नव्हता. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की बाप्तिस्मा घेतल्यावर जवळपास आठ वर्षं आपल्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तो त्यांना गवसला १८९१च्या सुमारास. तोवर त्या भारतात परतल्या होत्या, त्यांनी शारदा सदन सुरू केलं होतं, आणि जगभरचे ख्रिस्ती लोक त्यांना आपल्या धर्माचं भूषण समजत होते.

मंडळीच्या वहीत नाव चढलेलं माणूस इतकी वर्षं आतून चाचपडत असेल, तर आजूबाजूची जुनीजाणती विश्वासणारी माणसं काय करत होती? रमाबाईंच्या बाबतीत या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येतं, कारण त्या काळातली पत्रं शिल्लक आहेत. वाँटेजच्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपली, लावून ठेवली, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपात छापली. नव्या विश्वासणाऱ्याला कसं सांभाळावं आणि कसं सांभाळू नये, याचा इतका उघडा दस्तऐवज मराठी माणसाशी निगडित दुसरा क्वचितच असेल.

आधी त्या ख्रिस्ताकडे वळल्या कशा, ते पाहू. वाँटेजच्या भगिनींनी एकदा त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे आश्रयगृह होतं. ज्या स्त्रियांची आपल्याकडे सावलीही नको म्हणत, त्यांच्याशी या भगिनी मायेने वागत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचताना त्यांचं मन हललं. बुद्धीला पटवण्याचं काम केलं नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांनी. गोरे चित्पावन, काशीत वाढलेले, दर्शनशास्त्रांत मुरलेले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या खंडनासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला होता. नंतर दीर्घ वादविवाद करून १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. शंकांनी त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाही. रमाबाईंच्या शंका त्यांना ओळखीच्या होत्या, म्हणून त्यांचं लिहिणं लागू पडलं.

थोडक्यात, एका बाजूला प्रत्यक्ष सेवा दिसली आणि दुसऱ्या बाजूला त्याच वाटेवर ठेचा खाल्लेला माणूस भेटला. या दोहोंत हुकूम कुठेच नव्हता.

बाप्तिस्मा झाला आणि सूर बदलला. जेराल्डिन आता रमाबाईंच्या आध्यात्मिक पालक होत्या. छोटी मनोरमा त्यांना आजीबाई म्हणायची, रमाबाईही पत्रांत तेच संबोधन वापरत. जिव्हाळा खराच होता. पण पालक म्हटलं की वळण लावणं आलं, आणि खटके उडू लागले. रमाबाई मांसाहार करत नसत. त्यात वाँटेजला जातीच्या अभिमानाचा वास आला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. तोही हट्ट ठरला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना पुरुषांनाही शिकवण्याची संधी पुढे आली, तर भारतातल्या इंग्रज बिशपांनी ते शोभणार नाही म्हणून हरकत घेतली. त्रैक्याचा सिद्धांत आपल्याला पटत नाही, असं रमाबाईंनी १८८५ साली लिहिल्यावर तर पत्रांना धार चढली. जेराल्डिन नम्रतेचा उपदेश करत राहिल्या. रमाबाईंनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसरं कुणाचं मानेवर घेणार नाही.

याच पत्रव्यवहारात तिसरी एक बाई आहे. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील. रमाबाईंच्या शंका त्यांनाही खटकत होत्या, पण त्यांचं म्हणणं असं की हिला अधिकाराच्या जोरावर गप्प करून भागणार नाही. हिचं मन तत्त्वचिंतकाचं आहे, विचारांची लढाई हिला लढू द्यावी लागेल. बील पानंच्या पानं लिहून युक्तिवाद करत, रमाबाईंचं म्हणणं खोडत, आणि पुढच्या पत्राची वाट बघत. शंका काढणारी विद्यार्थिनी त्यांना उद्धट वाटली नाही. जुनेजाणते लोक बहुधा चुकतात ते इथे. नवखा माणूस प्रश्न विचारतो म्हणजे त्याचा विश्वास डळमळला, असा समज करून ते उत्तराऐवजी समज देतात. खरं तर ज्याला सोडूनच जायचं आहे तो प्रश्न विचारत बसत नाही, येणं बंद करतो.

ही अडचण एकोणिसाव्या शतकाची नाही. पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती होणं जिवावर बेतू शकत होतं, आणि तरीही मंडळी कुणाला घाईघाईने आत घेत नसे. रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या पुस्तकात शिक्षणाचा काळ तीन वर्षांचा सांगितला आहे. सोबत एक सवलतही आहे: माणूस तळमळीचा असेल तर वर्षं मोजू नयेत, वागणूक पाहावी. बाप्तिस्म्याआधी होणारी चौकशी वाचण्यासारखी आहे. या काळात त्याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटायला गेला का? याची ग्वाही उमेदवाराने द्यायची नसे. त्याला घेऊन आलेल्या जुन्या विश्वासणाऱ्याने द्यायची असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने तिथली पद्धत लिहून ठेवली आहे. तिथे बिशप उमेदवाराच्या शेजाऱ्यांनाच विचारी: हा आईबापांशी नीट वागतो का, दारूच्या आहारी गेला आहे का?

यात जबाबदारी कोणावर पडते ते पाहावं. ग्वाही द्यायची तर त्या माणसाच्या घरी जाणं-येणं हवं, तो आजाऱ्याला भेटायला गेला तेव्हा बहुधा आपणही बरोबर असायला हवं. शिकवणाऱ्याला फळ्यापाशी उभं राहून सुटका नव्हती.

फळ्यापाशी उभं राहणाऱ्यांचीही एक व्यथा असते. इसवी सन ४००च्या आसपास कार्थेजमधल्या देओग्रातियास नावाच्या एका सेवकाने संत ऑगस्टीनना लिहिलं: नवख्यांना मूलभूत शिकवण देण्याचं काम माझ्याकडे असतं, पण तेच ते सांगून मला स्वतःलाच कंटाळा येतो, ऐकणाऱ्यांचं काय होत असेल! ऑगस्टीननी उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून पाठवलं. त्यातले सल्ले कमालीचे व्यवहारी आहेत. आधी विचार, हा माणूस आलाय कशासाठी. शिकलेला असेल तर त्याला ठाऊक असलेलं पुन्हा ऐकवत बसू नकोस. आणि ऐकणारा उभा राहून थकला, जांभया देऊ लागला, तर त्याला बसायला दे. त्या काळी आफ्रिकेतल्या मंडळ्यांत लोक उभ्यानेच ऐकत. समुद्रापलीकडे काही ठिकाणी बसण्याची सोय असते, ते बरं, असंही ऑगस्टीन नोंदवतात. कंटाळ्यावरचा त्यांचा उतारा असा: आपल्या रोजच्या पाहण्यातलं गाव पाहुण्याला दाखवताना त्याच्या डोळ्यांनी ते आपल्यालाही नवं दिसतं, तसंच इथे होऊ दे. शिकवणाऱ्याचा कंटाळा हा प्रेम आटल्याचा पुरावा आहे, असा त्यांचा रोख आहे.

ऑगस्टीनना हे सांगण्याचा अधिकार होता. ते स्वतः वर्षानुवर्षं भरकटून ३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन आत आले होते. त्या भरकटण्याच्या काळात सिंप्लिकियानस या वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना उपदेश करण्याऐवजी एका नामांकित वक्त्याची, मारियस विक्टोरिनसची, धर्मांतराची हकिकत सांगितली. वक्तृत्व शिकवणाऱ्या माणसाला वक्त्याचंच उदाहरण!

नव्या करारात हा धडा बर्णबा नावाच्या माणसाने गिरवला आहे. कालपर्यंत ख्रिस्ती लोकांना तुरुंगात टाकणारा शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला घाबरून होते. बर्णबाने त्याला बरोबर घेऊन प्रेषितांपुढे उभं केलं. पुढे शौल तार्साला निघून गेला, तर बर्णबा त्याला शोधत तिथे गेला, अंत्युखियाला घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर एकत्र शिकवण दिली. ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना सुरुवातीला बर्णबाचं नाव आधी येतं. तेराव्या अध्यायापासून ‘पौल आणि बर्णबा’ असा क्रम होऊ लागतो. बर्णबाने यावर कुरबूर केल्याची नोंद कुठेही नाही. दोघांचं वाजलं ते वेगळ्या कारणावरून: एकदा मोहीम अर्धी सोडून गेलेल्या योहान मार्काला पुन्हा संधी द्यायची की नाही. पौल नाही म्हणाला. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. वर्षांनंतर तुरुंगातून लिहिताना पौलाने त्याच मार्काला बोलावणं धाडलं, सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणून.

महाराष्ट्रात अशी वाट पाहण्याचं उदाहरण एका घरातच घडलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हादरून गेल्या. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या त्या आपलं सोवळं आणि वेगळी चूल घेऊन. टिळकांसारख्या तापट माणसाने या बाबतीत घाई केली नाही, हे विशेष. एकाच घरात दोन चुली चालल्या. जातिभेद देवाने केलेला असणार नाही, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या त्यांनीच आला, त्यांनी सोवळं सोडलं आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सगळं त्यांच्या मिस्कील शब्दांत भेटतं. त्या काही शाळेत शिकलेल्या नव्हत्या. पण टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलं, तेव्हा पुढचे ६४ अध्याय त्यांनी रचले. ज्या बाईला पाच वर्षं कुणी ढकललं नाही, तिने नंतर मराठी ख्रिस्ती मंडळीला किती दिलं याचा हिशेब लावायला हे पुरेसं आहे.

टिळकांच्याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. त्यांना मुलासारखं सांभाळलं गेलं; ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून माया कमी झाली नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, त्यातही बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखीच जागा होती. टिळकांना स्वतःला मिशनऱ्यांच्या हाताखाली राहणं जाचलं होतं. भजन-कीर्तनाने उपासना व्हावी, मराठी ख्रिस्ती माणसाने साहेबी नक्कल करू नये, हा त्यांचा आग्रह होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आज मराठी मंडळ्यांत रविवारी टिळकांची पदं गायली जातात त्यात काही वेगळं वाटत नाही. त्या काळी मात्र नव्या विश्वासणाऱ्याने जुन्यांना शिकवलेली ती गोष्ट होती.

गोव्यात याची जाण तीनशे वर्षं आधी एका इंग्रज जेझुइटाला आली होती. फादर थॉमस स्टीफन्स सासष्टीत नवख्रिस्ती लोकांमध्ये काम करत. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीला प्रसंग आहे: नव्याने धर्मात आलेला एक ब्राह्मण पाद्रीबुवांना म्हणतो की, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? १६१६ साली छापलेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीचं उत्तर आहे. त्या काळी गोव्यात धर्मांतराच्या नावाखाली जे जुलूम झाले त्यांवर या ग्रंथाने पांघरूण पडत नाही. पण माणसाच्या हातून एखादी गोष्ट काढून घेतली तर रिकामा हात तसाच ठेवू नये, एवढं स्टीफन्सना कळलं होतं. नव्या विश्वासणाऱ्याचे सण जातात, नातलगांच्या पंगती जातात, कधी आई-बापांचा उंबरा तुटतो. त्याबदल्यात त्याला रविवारचे दोन तास आणि एक छापील पुस्तिका मिळत असेल, तर व्यवहार फार तोट्याचा आहे.

नव्याला जवळ करताना आणखी दोन चुका नेहमी होतात. पहिली, त्याला ताबडतोब व्यासपीठावर चढवण्याची. चार महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा झालेला माणूस गावोगावच्या सभांत साक्ष देत फिरू लागतो; साक्ष दर खेपेला थोडी रंगत जाते; लोक वाहवा करतात. एक दिवस तो पडला की वाहवा करणारेच म्हणतात, आमचा आधीपासून संशय होता. नवख्याला मंडळीचा अध्यक्ष करू नये, तो गर्वाने फुगेल, असा इशारा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहेच. दुसरी चूक उलट्या टोकाची: त्याला कायम नवखाच ठेवायचं. नगर जिल्ह्यात दुष्काळांच्या काळात महार आणि मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक मंडळीत आले. त्यांच्या नातवंडांनाही ‘पोटासाठी आलेले’ म्हणून टोमणे ऐकावे लागले, आणि ते नेहमी बाहेरच्यांनीच मारले असं नाही. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन जाते असं प्रवचनात म्हणायचं आणि सोयरीक जमवताना आडनाव विचारायचं, हे ज्या घरात चालतं तिथून नवा माणूस जे शिकतो ते कुठल्याही वर्गात शिकवलेल्यापेक्षा पक्कं बसतं.

रमाबाई पुढे स्वतः जुन्याजाणत्या झाल्या. १८९६-९७च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायका केडगावच्या मुक्ती सदनात राहू लागल्या. विसाव्या शतकाच्या तोंडाशी हा आकडा दोन हजारांच्या घरात होता. वाँटेजमधल्या वादांतून त्या काय शिकल्या, ते इथल्या दिनक्रमात दिसतं. प्रार्थना होत्या, शास्त्राभ्यास होता, आणि प्रत्येकीच्या हाताला काम होतं: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं नवं मराठी भाषांतर केलं ते खेड्यातल्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. काल भुकेने अर्धमेली झालेली मुलगी आज बायबलचे खिळे जुळवत होती. रमाबाई एप्रिल १९२२मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ला बाहेर पडलं. शिकलेल्या हातांचं काम शिकवणारीवाचून अडलं नाही.

आणि जेराल्डिन? त्यांच्यावर आजच्या वाचकाने कोरडे ओढणं सोपं आहे. रमाबाईंचा शाकाहार त्यांना अहंकार वाटला. पुढे चाळीस वर्षांच्या आतच जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने महाराष्ट्रात ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि त्यातले इंग्रज सभासद खादी नेसून, जमिनीवर बसून शाकाहारी जेवू लागले. याच विन्स्लोंनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. तेव्हा वाद कोण जिंकलं ते स्पष्ट आहे. पण जेराल्डिन यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. इतकी कडू पत्रं झाल्यावरही त्यांनी पत्र लिहिणं थांबवलं नाही. रमाबाई अमेरिकेला गेल्या, भारतात परतल्या, वाँटेजच्या मनाविरुद्ध आपल्या वाटेने चालल्या, तरी नातं टिकलं. ज्या पत्रांत स्वतःची बाजू लंगडी पडते तीही त्यांनी फाडली नाहीत. शिष्या आपल्यासारखी झाली नाही म्हणून तिच्याशी नातं तोडणारे गुरू सर्व धर्मांत पैशाला पासरी सापडतात. जेराल्डिन त्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणून त्यांच्या साऱ्या चुका धरूनही त्या चांगल्या पालक ठरतात.

आजच्या मंडळ्यांनी यातून एखादी साधी गोष्ट उचलावी. बाप्तिस्मा झाला की पाळक वहीत त्या माणसाचं नाव लिहितात. त्याच ओळीत आणखी एक नाव लिहावं: मंडळीतल्या एका जुन्या कुटुंबाचं. त्या कुटुंबाने पुढची दोन-तीन वर्षं त्याला महिन्यातून एकदा जेवायला बोलवावं, त्याच्या घरी जेवायला जावं, आजाऱ्यांच्या भेटीला त्याला बरोबर न्यावं, त्याच्या तुटलेल्या नातलगांकडे शक्य असेल तिथे त्याच्यासोबत जावं, आणि त्याने अडचणीचा प्रश्न विचारला की पुढच्या भेटीपर्यंत त्याचा अभ्यास करून यावं. वर्षअखेरच्या सभेत पाळकांनी नव्या सभासदांची संख्या वाचून दाखवण्याआधी त्या कुटुंबांना उभं करून विचारावं, की तुमच्याकडे दिलेला माणूस कसा आहे.